मालाची खेप आणि रस्त्यावरचा माणूस

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बहुतेकांचा माल भाड्याच्या वाहनाने जातो. एकाच खेपेत जास्तीत जास्त माल, हा हिशेब आपण सगळेच करतो. त्यात रस्त्याने पायी जाणारा माणूस धरलेला नसतो.

नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावाचा विचार करू. उसाच्या हंगामात या भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावतात. मिरची, कापूस, पपईच्या गाड्या वेगळ्याच. एकपदरी रस्ता साधारण ३.७५ मीटरचा. वाहनाच्या रुंदीची कायद्याने मर्यादा २.६ मीटर. उरले १.१५ मीटर. दोन्ही बाजूंना फूट-फूट माल बाहेर आला की सायकलवाल्याला दोन फूटही उरत नाहीत. बिचारा खड्ड्यात उतरतो.

उंच बसलेल्या ट्रकचालकाला अगदी पुढ्यात किंवा डाव्या चाकाजवळ उभे असलेले मूल दिसत नाही. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, ट्रॉली तर अधिकच आत येते. म्हणून वळणाच्या कोपऱ्यावर लोटगाडी लावणे धोक्याचे. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. वजन दुप्पट झाले की थांबवायचा जोरही दुप्पट. उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते.

उंच मोटारींचेही असेच. अमेरिकेतील २०२३ च्या एका अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. जादा वजनाला २०,००० रुपये दंड व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. बाजूने, मागे वा मर्यादेपेक्षा वर माल निघाला तरी २०,००० रुपये आणि तो उतरवण्याचा खर्च वेगळा. वाचवलेले भाडे यापुढे काहीच नाही.

दंड ड्रायव्हर भरतो, असे काही बांधव म्हणतात. पण "अजून चार गोण्या टाक" हे सांगणारे आपणच असतो! तेव्हा माल जास्त असेल तर दोन खेपांचे भाडे आधीच ठरवावे. दोरी बांधून झाल्यावर गाडीभोवती एक फेरी मारावी. मागचा तांबडा रिफ्लेक्टर व दिवे मालाखाली झाकले गेले असतील, तर चार गोण्या उतरवूनच गाडी सोडावी. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तेवढीच खूण दिसते.