पंचवीस ऐकलं, बावन्न लिहिलं : संख्यावाचनातला गोंधळ कसा सोडवाल?



दुसरीच्या वर्गात 'पंचवीस' लिहायला सांगा, एक-दोन वह्यांत तरी ५२ सापडतील. 'एकोणतीस' सांगा, कुणीतरी ३९ लिहिलेलं असेल. वहीवर लाल फुली पडते आणि घरी ऐकू येतं, "याचं लक्षच नसतं." खरं तर या मुलाने अगदी लक्ष देऊन ऐकलेलं असतं. पंचवीसमध्ये आधी 'पंच' येतो, मग 'वीस'. जसं कानावर आलं तसं त्याने लिहिलं. एकोणतीसमध्ये त्याला 'तीस' ऐकू आले, 'एकोण'चा नऊ त्याने पुढे जोडला, झाले ३९!

अडचण नेमकी कुठे आहे?

आपण संख्या लिहिताना दशक आधी लिहितो, पण बोलताना एकक आधी बोलतो. शिवाय एकच अंक शब्दात रूप बदलतो. 'दोन' पाहा : बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. पन्नाशीत गेलो की 'पन्नास' लपतो आणि 'एक्कावन्न', 'त्रेपन्न' येतात. १९ पासून ८९ पर्यंत नऊ एकक असलेल्या सगळ्या संख्या 'एकोण'च्या, पण ९९ मात्र 'नव्व्याण्णव'. त्यात जोडाक्षरं! मोठ्यांना हे सवयीने येतं, मुलाला प्रत्येक नाव नव्याने शिकावं लागतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, एकवीस' अशी दोन्ही वाचनं आली, तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. विषय विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा स्पष्ट केलं होतं की जुनी नावं काढलेली नाहीत. माझं मत विचाराल तर 'वीस पाच' ही पायरी आहे आणि 'पंचवीस' हा मुक्काम. बाजारात, एसटीत, आजी-आजोबांशी बोलताना पंचवीसच लागणार. पण पायरी असताना मुलाला उडी का मारायला लावायची?

आधी निदान करा

चुकलेल्या मुलाला ओरडण्याऐवजी काड्या द्या. दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून आणि काही सुट्या. मग म्हणा, "पंचवीस काड्या दे."

- त्याने २ गठ्ठे आणि ५ सुट्या दिल्या, पण वहीत ५२ लिहिले : त्याला संख्या कळली आहे, फक्त लिहिण्याचा क्रम उलटला.
- त्याने ५ गठ्ठे आणि २ सुट्या दिल्या : संख्येचं नाव आणि दशक-एकक यांची सांगड अजून बसलेली नाही.

दोघांची चूक वहीत सारखीच दिसते, उपाय मात्र वेगळे.

वर्गात काय करता येईल?

१. दोन नावांची कार्डं. एका बाजूला 'चाळीस तीन', दुसऱ्या बाजूला 'त्रेचाळीस'. गठ्ठे मांडून आधी पहिलं नाव, मग दुसरं. नाव पक्कं झालं की पहिली बाजू आपोआप सुटते.

२. शब्द संपेपर्यंत पेन्सिल खाली. क्रम उलटणाऱ्या मुलांसाठी. पूर्ण शब्द ऐकायचा, 'गठ्ठे किती?' हे मनात म्हणायचं, मगच लिहायचं.

३. 'एकोण'चा खेळ. एकोण म्हणजे एक उणा. ३ गठ्ठे द्या आणि एक काडी परत मागा. ती द्यायला एका गठ्ठ्याचं रबर सोडावंच लागतं! उरतात २ गठ्ठे आणि ९ सुट्या. हातचा घेऊन करायच्या वजाबाकीची तयारीही इथेच होते.

पालकांसाठी

शंभरपर्यंत घडाघड म्हणता येणं म्हणजे संख्या कळणं नव्हे. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घेऊन "सदतीस रुपये दे" म्हणा. पुस्तकाचं पान सांगून उघडायला लावा. दिवसाला पाच मिनिटं पुरेत.

याला एवढं महत्त्व का?

निपुण भारत अभियानात पहिलीला ९९, दुसरीला ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं अपेक्षित आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलाचा विश्वास. "त्रेपन्नातून एकोणतीस वजा करा" असं सांगितल्यावर एखादा ५३ − ३९ मांडतो आणि उत्तर १४ काढतो. वजाबाकी बिनचूक, तरी फुली! असं रोज झालं तर तो स्वतःच ठरवतो, 'मला गणित येत नाही.' हे एकदा मनात बसलं की चौथी-पाचवीत काढणं फार अवघड जातं.

म्हणून पुढच्या वेळी वहीत ५२ दिसले तर फुली मारण्याआधी एवढंच विचारा, "बाळा, काड्यांनी दाखवतोस का?"

तुमच्या वर्गात कोणती संख्या जास्त चुकते, तेही जरूर कळवा.