एक आडनाव, अनेक ग्रंथ

प्रस्तावना

ग्रंथालयात गेल्यावर आपण बहुधा लेखकाच्या आडनावावरून पुस्तक मागतो. परंतु एकाच आडनावाचे अनेक लेखक असले, तर केवळ आडनाव पुरेसे ठरते का? आणि ज्यांना आडनावच नसते, त्यांचे ग्रंथ कसे शोधावेत? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

पाठ

कर्नाटकातील म्हैसूर शहरात मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा रम्य परिसर आहे. त्याला हे नाव दिले थोर कन्नड कवी कुवेंपू यांनी. येथेच १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थान ही केंद्रीय संस्था आहे. तिच्या ग्रंथालयात अनेक भारतीय भाषांतील ग्रंथ एका छताखाली नांदतात. अशा बहुभाषिक ग्रंथालयातच नावांचे वैचित्र्य विशेष जाणवते.

खुद्द 'कुवेंपू' हे नावच पाहा. कुप्पळी हे त्यांचे गाव, वेंकटप्पा हे वडिलांचे नाव आणि पुट्टप्पा हे स्वतःचे नाव. या तिन्ही शब्दांतील आद्याक्षरे घेऊन हे टोपणनाव सिद्ध झाले. त्यात मराठी अर्थाने आडनाव कोठेच नाही. म्हैसूरचेच आर. के. नारायण आणि आर. के. लक्ष्मण हे सख्खे भाऊ. एक कादंबरीकार, दुसरे व्यंगचित्रकार. 'आर' म्हणजे रासीपुरम हे मूळ गाव आणि 'के' म्हणजे कृष्णस्वामी हे वडील. सूचीत त्यांची नोंद स्वतःच्या नावाखाली होत असल्याने एक 'न'मध्ये, तर दुसरे 'ल'मध्ये जातात. एका घरात वाढलेले भाऊ सूचीत मात्र दूर राहतात!

मराठी ग्रंथांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. उदाहरणार्थ, 'देशपांडे' या आडनावाखालील नोंदी पाहू. देशपांडे हे मुळात एका हुद्द्याचे नाव. परगण्याच्या वसुलाचा हिशेब ठेवणाऱ्या वंशपरंपरागत वतनदाराला देशपांडे म्हणत. हा हुद्दा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मुलखांत होता, म्हणून हे आडनावही दोन्हीकडे आढळते. मुंबई राज्याने १९५० साली कायदा करून परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली. हुद्दा गेला, आडनाव तेवढे उरले.

या एका नावाखाली किती निरनिराळे ग्रंथ येतात! पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' वाचकाला हसवता हसवता अंतर्मुख करते. त्यांच्या पत्नी सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' हे १९९० साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन. त्यात सहजीवनाकडे त्यांनी निर्भीडपणे पाहिले आहे. ग. त्र्यं. देशपांडे यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' काव्यविचाराची गंभीर चर्चा करते. गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा' हे राजकीय विचारनाट्य आहे. हास्य, आत्मकथन, शास्त्र आणि नाटक यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे आडनाव.

कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांचा 'फुलवात' हा काव्यसंग्रह १९३२ सालचा. त्यांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे या कथालेखिका व समीक्षक. अनिल १९५८ साली मालवणच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावतींनी भूषविले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कुसुमावतींचे माहेरचे आडनाव जयवंत होते. 'एकेक पान गळावया' लिहिणाऱ्या गौरी देशपांडे या समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या कन्या. इंग्रजी कादंबरीकार शशी देशपांडे यांचा जन्म धारवाडचा, आणि त्यांचे वडील म्हणजे कन्नड नाटककार श्रीरंग. शशी देशपांडे यांच्या 'दॅट लाँग सायलेन्स' या कादंबरीला १९९० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या तिघींचे आडनाव विवाहाने आलेले आहे. त्यामुळे केवळ आडनाव पाहणाऱ्याला आई व कन्या, वडील व कन्या यांचे नाते सूचीत दिसतच नाही. शशी देशपांडे यांची भाषाही आडनावावरून कळत नाही.

म्हणजे आडनाव ज्यांना एकत्र आणते ते परस्परांचे नातलग असतीलच असे नाही, आणि जे नातलग असतात त्यांना ते कधी कधी दूर करते. ग्रंथपालाला आडनाव उपयोगी पडते, ते नोंद शोधण्याची खूण म्हणून. त्या खुणेवरून ग्रंथाचा विषय, भाषा किंवा योग्यता ठरत नाही. मग माणसाची तरी कशी ठरावी? व्यवहारात मात्र आडनाव ऐकताच जात, गाव आणि स्वभाव यांचे अंदाज बांधले जातात, आणि माणूस बोलण्यापूर्वीच त्याच्याविषयीचे मत तयार होते. ग्रंथ उघडल्याशिवाय कळत नाही. माणसालाही तोच न्याय लावणे हे सुजाणपणाचे लक्षण आहे.

शब्दार्थ

हुद्दा – अधिकाराचे पद
परगणा – अनेक गावांचा महसुली विभाग
वतनदार – वंशपरंपरेने हक्क व काम असणारा
अंतर्मुख – स्वतःच्या मनात डोकावणारा
सुजाण – समंजस, जाणता

पाठगत प्रश्न

१. 'कुवेंपू' हे नाव कोणत्या तीन शब्दांपासून बनले?
२. नारायण व लक्ष्मण हे भाऊ सूचीत दूर का जातात?
३. 'हुद्दा गेला, आडनाव तेवढे उरले' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

स्वाध्याय

१. स्त्री-लेखकांच्या बाबतीत आडनाव ही अपुरी खूण का ठरते, ते पाठातील दोन उदाहरणे देऊन लिहा.
२. जवळच्या ग्रंथालयात जाऊन एकाच आडनावाच्या तीन लेखकांचे ग्रंथ शोधा. प्रत्येकाचे पूर्ण नाव, ग्रंथाचे नाव आणि विषय नोंदवा.
३. आडनावावरून बांधलेला एखादा अंदाज चुकीचा ठरल्याचा प्रसंग आठ ते दहा ओळींत लिहा.