कवट्यांचा डोंगर

एक जुना फोटो आहे. १८९२ साली तो अमेरिकेत, मिशिगन राज्यात काढला. फोटोत एक मोठा ढीग दिसतो. लांबून वाटावे, दगडांची रास असेल. पण नीट बघा. ते दगड नव्हेत. त्या कवट्या आहेत. बायसन नावाच्या रानजनावराच्या कवट्या!

ढिगाच्या पायथ्याशी एक माणूस उभा आहे. दुसरा पार वर चढून उभा आहे. माणसे किती लहान दिसतात! ढीग केवढा होता, ते त्यावरूनच कळते.

बायसन म्हणजे आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद. अंगाने दांडगा, मानेवर दाट केस. अमेरिकेच्या गवताळ रानांत त्यांचे मोठे कळप चरत. सन १८०० च्या सुमारास ते ३ कोटी असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. तिथले मूळ रहिवासी त्यांच्यावरच जगत. मांस खात, कातड्याचे तंबू करीत.

मग आगगाडी आली. बंदुका घेऊन शिकारी आले. यंत्रांच्या पट्ट्यांसाठी कातड्याला भाव आला. शिकारी कातडे सोलून नेत. मांस तिथेच कुजे. १८८९ साली हॉर्नडे नावाच्या गृहस्थांनी मोजदाद छापली. सारे मिळून हजार-अकराशेच बायसन उरले होते. रानच्या माणसांच्या तोंडचा घास गेला.

रानात हाडे उरली. तीही लोकांनी वेचली आणि गाडीत भरून कारखान्यात नेली. हाडांचे खत झाले. हाडांच्या कोळशाने साखर पांढरी केली. हा फोटो अशाच कारखान्यातला.

पुढे काही लोक जागे झाले. १९०७ साली न्यूयॉर्कच्या प्राणिबागेतून १५ बायसन ओक्लाहोमाच्या राखीव रानात नेले. हळूहळू कळप पुन्हा वाढले.

तो ढीग केव्हाच दळला गेला. फोटो मात्र राहिला. ठिकाण आणि साल ठाऊक आहे, म्हणून त्याची साक्ष पटते. नाहीतर कोणीही म्हणेल, "कुठला हो हा ढीग?"

आता फोन घरोघर आहे. जनावराला निर्दयपणे मारणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे, हा आपल्याकडे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. असे काही दिसले तर फोटो काढा. गाव, तारीख, वेळ लिहून ठेवा. पण बैल गाडीखाली पडला असेल, तर फोन खिशात ठेवा. आधी जू सोडा, पाणी पाजा. साक्ष मोठी खरी, पण जीव त्याहून मोठा.

सांगा पाहू :
१. ढीग किती मोठा, हे फोटोत कशावरून कळते?
२. बायसन कशासाठी मारले?
३. फोटोबरोबर काय काय लिहून ठेवावे?