धैर्य म्हणजे काय? सॉक्रेटिसासोबत एक तास

सॉक्रेटिस म्हटलं की आपल्याला विषाचा प्यालाच आठवतो. इ.स.पू. ३९९, अथेन्स, मृत्युदंड, संपला धडा. पण हा माणूस सत्तर वर्षं जगला आणि त्यातली बरीच वर्षं बाजारात, व्यायामशाळेत लोकांना प्रश्न विचारत फिरला. आज त्यातला एकच प्रश्न घेऊ.

प्लेटोच्या 'लॅकीस' या संवादात दोन बाप मुलांच्या शिक्षणाची काळजी घेऊन आलेत. पोरांना चिलखत घालून लढायला शिकवावं का? सल्ला द्यायला दोन नामांकित सेनापती आहेत, निकियस आणि लॅकीस. दोघांची मतं उलट! सॉक्रेटिस म्हणतो, हे शिकवायचं ते अंगी धैर्य यावं म्हणूनच ना? मग धैर्य म्हणजे काय, ते आधी सांगा. लॅकीसला हे अगदीच सोपं वाटतं. जो आपली जागा सोडत नाही, शत्रूसमोरून पळत नाही, तो धैर्यवान.

इथे जरा थांबू. भाईंदरजवळ चौकला धारावी किल्ला आहे. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. तुमच्यापैकी काही जण तिथे सहलीला गेला असाल. गनिमी कावा शिकलेला आपला लहान मुलगाही लॅकीसला विचारेल, "मग मागे हटून शत्रूला खिंडीत गाठणारे मावळे भित्रे का?" सॉक्रेटिसाने नेमकं हेच विचारलं. त्याच्यासमोर उदाहरण होतं पळता पळता लढणाऱ्या स्किथियन घोडेस्वारांचं. आणि आजारपणात, गरिबीत माणूस धीर धरतो, ते कुठे बसवायचं?

गंमत पाहा. इ.स.पू. ४२४ मध्ये डेलियमला अथेन्सचा पराभव झाला तेव्हा लॅकीस आणि सॉक्रेटिस बरोबरच माघारी फिरले होते. त्या माघारीत सॉक्रेटिस किती धीराने वागला, याचं कौतुक लॅकीसने याच संवादात थोडं आधी केलेलं असतं! जे डोळ्यांनी पाहिलं तेच त्याच्या व्याख्येत मावत नव्हतं.

मला लॅकीसला हसता येत नाही. काही वर्षांपूर्वी अकरावी सायन्सला गेलेला माझा एक जुना विद्यार्थी सांगायला आला, "सर, आर्ट्सला जावंसं वाटतंय." मी पटकन बोलून गेलो, "मैदान सोडतोस?" तो गप्प बसला. पुढची दोन वर्षं त्याने तिथेच कुढत काढली. "तुला भीती नक्की कशाची वाटतेय, अभ्यासाची की घरी सांगायची?" एवढं मी विचारायला हवं होतं.

लॅकीस मग व्याख्या बदलतो: धैर्य म्हणजे मनाची चिकाटी. पण मूर्खपणाची चिकाटीही असतेच की! गर्दीच्या लोकलला दारात लटकणाऱ्याची पकडसुद्धा चिवट असते, आपण त्याला धैर्यवान म्हणू का? तेव्हा निकियस म्हणतो, कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये हे कळणं म्हणजे धैर्य. उत्तर उत्तम, पण पुढे इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत वेढ्यातून निघायच्या वेळी चंद्रग्रहण झालं, ज्योतिष्यांनी सत्तावीस दिवस थांबायला सांगितलं आणि हाच निकियस थांबला. सैन्य गेलं, तोही मारला गेला. व्याख्या तोंडपाठ असणं वेगळं.

डेल्फीच्या देवळावर 'स्वतःला ओळख' असं कोरलेलं होतं. आपल्याला वाटतं, म्हणजे डोळे मिटून आत बघायचं. सॉक्रेटिसाची रीत वेगळी. 'धैर्य', 'यश', 'हुशार' हे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांच्यावर आयुष्याचे निर्णय घेतो. त्या शब्दांचा हिशोब दुसऱ्यासमोर देता येतो का, हे तो तपासायचा. निकियस तर सांगतोच, की सॉक्रेटिसाशी बोलणं कुठूनही सुरू होवो, शेवटी तो तुम्हाला तुमच्याच जगण्याचा जाब द्यायला लावतो. ग्रीक लोक ज्याला 'यूडायमोनिया' म्हणत, म्हणजे नुसती खुशी नव्हे तर एकूण आयुष्य नीट चालणं, ते त्याच्या मते या तपासणीशिवाय शक्य नव्हतं.

संवादाच्या शेवटी उत्तर मिळत नाही. सॉक्रेटिस म्हणतो, मुलांचं राहू दे, आपल्यालाच आधी गुरू शोधायला हवा. म्हातारा लायसिमॅकस त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बोलावतो.

गृहपाठ: तुम्ही कधी काहीतरी मध्येच सोडून दिलं असेल. ते पळणं होतं की मागे हटणं? दहा ओळी लिहा आणि बाकावरच्या शेजाऱ्याला त्यावर तीन प्रश्न विचारू द्या. मी माझ्या दहा ओळी लिहून आणतो.