उत्पत्ती आधी की शुभवर्तमान आधी?

आजचं वाचन: रोमकरांस पत्र १४:१–१२ आणि योहान १:१–३



रोमच्या मंडळीत भांडण ताटावरून होतं. काही जण सगळं खात, काही जण फक्त भाजीपाला. कुणी एखादा दिवस विशेष पाळे, कुणाला सगळे दिवस सारखे. पौल इथे दोन्ही बाजूंना एकच गोळी देत नाही. जो मोकळेपणाने खातो त्याचं पाप वेगळं: तो दुसऱ्याला तुच्छ लेखतो. जो खात नाही त्याचं पाप वेगळं: तो दुसऱ्याला दोषी ठरवतो. पौल दोघांना आठवण करून देतो, की तो माणूस तुझा चाकर नाही. त्याचा धनी वेगळा आहे आणि त्याला उभं ठेवायला तो धनी समर्थ आहे.

आज हे वचन आपण एका खऱ्या वादाला लावून पाहू. वाद अमेरिकेतला आहे, पण त्यातले व्हिडिओ आपल्या युथ ग्रुपच्या व्हॉट्सअॅपवर येतच असतात.

अमेरिकेत पुष्कळ ख्रिस्ती आईवडील मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. या होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांचे मोठे मेळावे भरतात. तिथे पुस्तकांचे स्टॉल असतात, व्याख्यानं असतात, पुढच्या वर्षी काय शिकवायचं हे आईवडील तिथेच ठरवतात. मार्च २०११ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल इथे असाच एक मेळावा झाला. वक्त्यांमध्ये केन हॅम होते. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे, ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या संस्थेचे प्रमुख. याच संस्थेने २००७ मध्ये केंटकी राज्यात, सिनसिनाटी शहराजवळ, सृष्टीच्या निर्मितीवरचं म्युझियम उघडलं. देवाने सहा खऱ्याखुऱ्या दिवसांत सृष्टी केली आणि पृथ्वीचं वय साधारण ६,००० वर्षं आहे, ही त्यांची शिकवण.

त्याच आयोजकांच्या वक्त्यांमध्ये पीटर एन्स हे जुन्या कराराचे अभ्यासकही होते. उत्पत्तीचे पहिले अध्याय प्राचीन इस्राएलाच्या जगात, त्या काळच्या भाषेत समजून घ्यावेत, त्यांच्याकडून आजच्या विज्ञानाची उत्तरं मागू नयेत, असं त्यांचं म्हणणं. लहान मुलांसाठी त्यांनी ‘टेलिंग गॉड्स स्टोरी’ नावाचा बायबल अभ्यासक्रमही तयार केला होता.

हॅम यांनी एन्स यांच्या शिकवणीवर नाव घेऊन कडक टीका केली. आयोजकांनी हॅम यांना सिनसिनाटीच्या आणि पुढच्या मेळाव्यांतून वगळलं. पृथ्वीच्या वयाबद्दलच्या त्यांच्या मताला आमची हरकत नाही, दुसऱ्या वक्त्याबद्दल ते ज्या पद्धतीने बोलले त्याला आहे, असं आयोजकांनी सांगितलं. हॅम यांच्या बाजूचे म्हणाले, चुकीच्या शिकवणीबद्दल आईवडिलांना सावध करणं हे मेंढपाळाचं कामच आहे. घरोघरी दोन तट पडले.

आता पटकन “रोमकर १४ वाचा आणि गप्प बसा” असं म्हणणं सोपं आहे. पण थांबा. दोन्ही बाजूंचं खरं भांडण तिथेच आहे: हा विषय रोमकर १४ मधला आहे का? पौलाने भाजी-मांसाबद्दल एक सूर लावला, पण गलतीकरांच्या पत्रात शुभवर्तमानच बदलू लागलं तेव्हा तोच पौल किती कडक झाला! तिथे तर त्याने पेत्राला तोंडावर विरोध केला. मग उत्पत्ती १ हा ताटातला विषय, की शुभवर्तमानाचा?

हॅम यांचा मुद्दा नीट ऐका. रोमकर ५:१२ प्रमाणे पापामुळे मरण जगात आलं. आदामाच्या आधी लाखो वर्षं प्राणी मरत होते असं मानलं, तर मरण हे पापाचं फळ कसं? आणि मग वधस्तंभावर येशूने नेमकं काय जिंकलं? दुसऱ्या बाजूचे बरेच विश्वासणारे उत्तर देतात, की पौल त्या ठिकाणी माणसाच्या मरणाबद्दल बोलतोय. पण एन्स त्याहून पुढे जातात. आदामाला इतिहासातला पहिला मनुष्य धरावंच लागतं का, हा प्रश्न त्यांनी २०१२ च्या ‘द इव्होल्यूशन ऑफ अॅडम’ या पुस्तकात उघडपणे घेतला. त्यामुळे हॅम यांची काळजी पोकळ होती असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या बाजूची काळजीही पोकळ नाही. मुलाला दहा वर्षं शिकवलं, की पृथ्वी जुनी निघाली तर बायबल खोटं. मग कॉलेजात पहिल्याच वर्षी भूगर्भशास्त्राचा एखादा प्रामाणिक प्राध्यापक भेटला, की त्याचा सगळा विश्वास त्या एका खिळ्यावर लटकतो. खिळा निघाला की येशूही हातातून जातो. आईवडिलांना ही भीती रात्री झोपू देत नाही.

चर्चच्या इतिहासात हा प्रश्न डार्विनच्या १८५९ च्या पुस्तकाने पहिल्यांदा आणला असंही नाही. संत ऑगस्टीन इ.स. ४३० मध्ये वारले. उत्पत्तीवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं आणि देवाने सर्व काही एकदमच निर्माण केलं, असं त्यांचं मत झालं. सहा दिवसांचा अर्थ लावताना तेही अडखळले, पण देव निर्माता आहे यावर कधी अडखळले नाहीत.

मी स्वतः कुठे उभा आहे? आदाम खरा मनुष्य होता असं मी मानतो. दिवसांच्या लांबीवर मात्र मी कुणाचं तारण पणाला लावणार नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल सर्वांत महत्त्वाचं काय ते सांगतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. पृथ्वीचं वय त्या यादीत नाही. पण म्हणून त्यावर विचारच करू नये असंही नाही. रोमकर १४:५ मध्ये पौल प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी असंच सांगतो. आळशीपणाला तिथे जागा नाही.

आता त्या वादातली एक गोष्ट मला फार बोलली. हॅम यांचा आग्रह असतो, की मुलाला पाया उत्पत्तीपासून द्या, पहिले अकरा अध्याय पक्के करा. एन्स यांचा अभ्यासक्रम छोट्यांना आधी येशूच्या गोष्टींपासून सुरुवात करून देतो, उत्पत्ती नंतर. म्हणजे पृथ्वीच्या वयाखाली दडलेला प्रश्न हा: मूल आधी कुणाला भेटेल?

इथे योहान आपल्याला मदत करतो. त्याचं शुभवर्तमान मुद्दाम उत्पत्तीच्याच पहिल्या शब्दांची आठवण करून देत सुरू होतं. जो शब्द प्रारंभी होता, ज्याच्याद्वारे सर्व काही झालं, तोच देही झाला आणि आपल्यात राहिला. अम्माऊसच्या वाटेवर येशूने स्वतः मोशेपासून सुरुवात केली, पण सांगितलं स्वतःबद्दल. पुस्तक कुठूनही उघडा, माणूस तोच भेटायला हवा. उत्पत्ती शिकवून मूल येशूपर्यंत पोहोचलं नाही, तर पाया घातला पण घर बांधलंच नाही. येशूच्या गोष्टी सांगितल्या आणि तो सृष्टीचा धनी आहे हे सांगितलं नाही, तर मुलाला फक्त एक चांगला गुरुजी मिळाला.

आणि मूल आपल्याकडून अजून एक धडा घेतं, जो कुठल्याच अभ्यासक्रमात छापलेला नसतो. आईबाबा “ते लोक” म्हणताना कसा चेहरा करतात, ते त्याला दिसतं. पृथ्वी जुनी मानणाऱ्याला मोह होतो तुच्छ लेखण्याचा: “बिचारे, अडाणी.” पृथ्वी तरुण मानणाऱ्याला मोह होतो दोषी ठरवण्याचा: “जगाशी तडजोड केलेले.” पौलाने दोन पापांना दोन नावं दिली होती, ती आजही जशीच्या तशी बसतात. तुमचा मोह कोणता, हे तुम्हाला लगेच कळलं असेल!

मग शिकवण चुकीची वाटली तर गप्प बसायचं का? नाही. बोलायचं. पण आधी त्याचं म्हणणं असं मांडता आलं पाहिजे, की तो स्वतः ऐकून म्हणेल, “हो, मला हेच म्हणायचंय.” पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो आणि लगेच सौम्यता व आदराची अट घालतो. ती अट काढली, तर आपलं उत्तर बरोबर असूनही आज्ञा मोडलेलीच राहते.

आज करून पाहा: युथ ग्रुपमध्ये या विषयावर ज्याच्याशी तुमचं पटत नाही, अशा एका भावाला किंवा बहिणीला फोन करा. वाद घालू नका. फक्त विचारा, “उत्पत्ती १ वाचताना तुला देवाबद्दल काय दिसतं?” उत्तर पूर्ण ऐका. मग दोघं मिळून योहान १:१–३ मोठ्याने वाचा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, सर्व काही तुझ्याद्वारे झालं आणि तुझ्यातच टिकून आहे. मला सत्यावर प्रेम करायला शिकव आणि तुझ्या चाकराला दोषी ठरवण्यापासून, तुच्छ लेखण्यापासून माझी जीभ आवर. आमच्या घरातल्या लहानग्यांना आमच्या बोलण्यातून तूच भेटू दे. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.