प्रवेशअर्जासोबतचा निबंध : ‘माझा समाज आणि मी’

समाजकार्यासारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना ‘माझा समाज आणि मी’ अशा आशयाचा निबंध आपणांस लिहावा लागू शकतो. येथे अडचण पहिल्याच शब्दापाशी येते. मराठीत ‘आमचा समाज’ म्हटले की पुष्कळदा जात अभिप्रेत असते. मग निबंध तिच्या थोरवीने भरतो आणि लिहिणारा दिसेनासा होतो. (सत्कार समारंभात असे भाषण चालून जाते, अर्जात नाही.)

कोल्हापुरातील एक प्रसंग पाहा. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून येथे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात निवारा आणि दोन वेळचे जेवण मिळे, ते आपल्या समाजामुळे. भाऊराव पाटील असेच जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना बोर्डिंगमधून काढण्यात आले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील असे वसतिगृह चालविले.

त्या तरुणाला हा निबंध लिहावा लागला असता, तर त्याने ‘माझा समाज’ कोणाला म्हटले असते? ज्याने जेवू घातले त्याला, की ज्याच्या समारंभाला गेल्याबद्दल घर सुटले त्याला? प्रामाणिक निबंधात दोन्ही आले असते.

आपल्या अनुभवातही असा पेच असतो. तालीम, बचत गट, कारखान्यातील पाळी, २०१९ च्या महापुरात शाळेच्या वर्गखोलीत एकत्र राहिलेली कुटुंबे, हेही समाजच आहेत. पुढील दोन वाक्यांची तुलना करा :

‘आमच्या गटातील महिला कष्टाळू असून एकोप्याने राहतात.’

‘हप्ते थकले म्हणून एका सभासदाला गटातून काढण्याचे ठरत होते, हिशेबाची वही माझ्या हाती होती आणि मी गप्प राहिले.’

दुसरे वाक्य लिहिताना संकोच वाटेल. तरी तेच लिहावे, आणि त्यानंतर आपण काय केले तेही. कारण निवड करणाऱ्याला गटाची नव्हे, अर्जदाराची ओळख हवी असते.

स्वयंअध्ययन : ज्या समाजाचे आपण ऋणी आहात आणि ज्याच्याशी आपले एकदा तरी पटले नाही, त्याविषयी १५० शब्द लिहा. ‘थोर’, ‘महान’, ‘आदर्श’ हे शब्द टाळा.