लेसरपूर्वी शुष्काक्षिपाकाचा विचार
पालीच्या दमट कोकणी हवेत डोळे कोरडे कसे पडतील, असे वैद्यबंधूंस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चष्मा घालविण्यास उत्सुक असलेला तरुण बहुधा कॉन्टॅक्ट लेन्स व संगणक यांस सरावलेला असतो. डोळ्यांतून पाणी वाहते म्हणून शुष्कता नाही, असे मानू नये. रूक्षतेच्या टोचणीनेही पाणी येते. सुश्रुतोक्त शुष्काक्षिपाक येथे आठवावा. लॅसिकमध्ये कॉर्नियाच्या संवेदना-नाड्या छेदल्या जातात. त्यामुळे अश्रू आणखी घटतात व ही अवस्था कित्येक महिने टिकू शकते. शर्मर चाचणीत 5 मिनिटांत पट्टी 5 मिलिमीटरही न भिजल्यास शुष्कता तीव्र समजतात. तर्पणाने तात्पुरते बरे वाटवून ही लक्षणे झाकणे अयोग्य होय. औषधविक्रेत्यांनीही थेंबांची बाटली देताना ‘शस्त्रक्रिया ठरली आहे काय?’ असे विचारावे आणि चालू उपचार नेत्रशल्यज्ञास कळविण्यास सांगावे.